एका यकृतपेशीच्या चित्रातून शिका कोलेस्टेरॉलची औषधं

व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला विचारलेला एक प्रश्न अजून लक्षात आहे. 'कोलेस्टिरामिन आतड्यातून रक्तात शोषलंच जात नाही. मग रक्तातलं एलडीएल कमी कसं होतं?' (एलडीएल म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल.) औषधांचा तक्ता मला तोंडपाठ होता. वर्ग, उदाहरणं, दुष्परिणाम, सगळे रकाने. या प्रश्नाचं उत्तर मात्र एकाही रकान्यात नव्हतं. त्या संध्याकाळी कोऱ्या कागदावर एक यकृतपेशी काढली आणि एकेक औषध ते जिथे काम करतं तिथे मांडत गेलो. त्यानंतर हे प्रकरण मला पुन्हा पाठ करावं लागलं नाही, आणि आता ज्युनिअर विद्यार्थ्यांना शिकवतानाही मी त्याच कागदापासून सुरुवात करतो. तो कागद कसा तयार करायचा, ते इथे क्रमाने सांगतो. एक मोठा कागद, दोन रंगांची पेनं आणि तीन संध्याकाळी एवढं हाताशी ठेवा.

पहिली पायरी: चरबी रक्तातून जाते कशी

औषधांची नावं अजून काढू नका. आधी वाहतूक समजून घ्या.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून रक्तातून जाताना ती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांच्या आवरणात बसून जातात. ही वाहनं म्हणजे लायपोप्रोटीन. कागदाच्या डावीकडे आतडं, मध्ये यकृत आणि उजवीकडे स्नायू व चरबीच्या पेशी काढा. आतड्यातून कायलोमायक्रॉन ही वाहनं निघतात, त्यांच्यावर अपोबी-४८ हे प्रथिन असतं. यकृतातून व्हीएलडीएल निघतं, त्यावर अपोबी-१००. दोघांतही मुख्य माल ट्रायग्लिसराइडचा. केशवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेलं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम तो माल उतरवून घेतं. त्याला अपोसी-२ या प्रथिनाची मदत लागते आणि अपोसी-३ त्याच्या वाटेत येतं. अपोसी-३ हे नाव आत्ताच कोपऱ्यात लिहून ठेवा, फायब्रेट या औषधांच्या वेळी लागेल.

माल उतरत गेला की व्हीएलडीएलचं आयडीएल होतं आणि त्यातल्या काहींचं पुढे एलडीएल. एलडीएलमध्ये आता मुख्यतः कोलेस्टेरॉल उरलेलं असतं. ते रक्तातून काढून घेण्याचं बहुतेक काम यकृतपेशीवरचे एलडीएल रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडून आत घेणारी दारं, करतात. या रिसेप्टरभोवती दुसऱ्या रंगाने गोल करा. पुढचं जवळजवळ सगळं इथे येऊन मिळणार आहे.

एचडीएलवर, म्हणजे 'चांगलं' म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलवर, या टप्प्यात फार वेळ घालवू नका. एचडीएल वाढवलं की हृदयविकार कमी होईल, असं अनेक वर्षं वाटत होतं. टोरसेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, पण चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू अधिक झाले आणि २००६ साली ती चाचणी थांबवावी लागली. नायसिन या दुसऱ्या औषधाचीही पुढे निराशाच झाली. त्यामुळे एखादं औषध 'एचडीएल वाढवतं' असं वाचलं की ते त्याचं गुणपत्रक समजू नका.

दुसरी पायरी: पेशीचं स्वतःचं गणित

आता यकृतपेशी मोठी करून काढा. हा भाग घाईने उरकलात तर पुढचं सगळं पुन्हा पाठांतरावर जाईल, म्हणून पहिली संध्याकाळ पूर्ण यालाच द्या.

यकृतपेशीला कोलेस्टेरॉल दोन वाटांनी मिळतं. एक, ती स्वतः बनवते: सायट्रेटपासून अ‍ॅसिटिल-कोए, त्यापासून एचएमजी-कोए, त्यापासून मेव्हॅलोनेट आणि पुढे बऱ्याच पायऱ्यांनी कोलेस्टेरॉल. दोन, रक्तातलं एलडीएल रिसेप्टरमार्फत आत ओढून घेते. याशिवाय आतड्यातून शोषलेलं कोलेस्टेरॉल कायलोमायक्रॉनच्या अवशेषांमधून तिच्याकडे पोहोचतं. खर्चाची मोठी बाजू म्हणजे पित्ताम्लं, चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं. ती कोलेस्टेरॉलपासून बनतात, आतड्यात जातात आणि त्यांचा बहुतांश भाग शोषला जाऊन परत यकृतात येतो.

पेशीतलं कोलेस्टेरॉल किती आहे यावर एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीच्या आतल्या जाळ्याच्या) पटलात पहारा असतो. तिथे एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन स्कॅप या सोबत्याबरोबर थांबलेलं असतं. कोलेस्टेरॉल कमी झालं की स्कॅप त्याला गॉल्जी या पेशीतल्या दुसऱ्या भागाकडे घेऊन जातं. तिथे दोन एन्झाइम ते कापतात, आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतो. त्यातली तीन नावं कागदावर ठळक लिहा: एलडीएल रिसेप्टर, एचएमजी-कोए रिडक्टेज (एचएमजी-कोएपासून मेव्हॅलोनेट बनवणारं एन्झाइम) आणि पीसीएसके-९ (रिसेप्टर नष्ट करवणारं प्रथिन).

म्हणजे पेशीला आतून टंचाई जाणवली की ती दारं (रिसेप्टर) वाढवते आणि कारखानाही (रिडक्टेज) वाढवते. एलडीएल रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं काम समजलं की हा औषधवर्ग समजतो, असं माझं ठाम मत आहे. इथली औषधं रक्तातलं एलडीएल थेट पकडत नाहीत. बहुतेक औषधं पेशीत टंचाई निर्माण करतात आणि एलडीएल ओढून घेण्याचं काम पेशीच करते.

तिसरी पायरी: स्टॅटिन, सावकाश

स्टॅटिन एचएमजी-कोए रिडक्टेजला स्पर्धात्मक पद्धतीने अडवतात. मेव्हॅलोनेट कमी, पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी, एसआरईबीपी-२ जागं, रिसेप्टर जास्त, रक्तातलं एलडीएल कमी. बाणांची ही साखळी स्वतःच्या हाताने काढा. 'स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनणं थांबवतात' इतक्यावर उत्तर थांबवणारे विद्यार्थी निम्म्या वाटेत थांबलेले असतात.

एक हकिकत इथे उपयोगी पडते. १९७३ साली जपानमध्ये अकिरा एंडो यांना पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन सापडलं. हजारो बुरशी तपासून झाल्यावर हे हाती आलं होतं, आणि उंदरांना दिल्यावर कोलेस्टेरॉल मात्र कमीच होईना. उंदरांच्या यकृताने रिडक्टेज एन्झाइम इतकं वाढवलं होतं की औषध पुरं पडत नव्हतं. कोंबड्या, कुत्रे आणि माकडांमध्ये ते उत्तम चाललं. पेशीची उलट प्रतिक्रिया एखादं औषध जवळजवळ गाडू शकते, हे त्यातून दिसतं. पुढे अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळालेलं लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. १९९४ साली ४४४४ रुग्णांवरच्या सिम्व्हास्टॅटिनच्या चाचणीत मृत्यूच कमी झालेले दिसले, आणि या वर्गाबद्दलच्या बऱ्याच शंका मिटल्या.

तीच उलट प्रतिक्रिया माणसातही थोडी दिसते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. एटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमवरून ८० वर नेलं म्हणजे डोस आठपट झाला, पण जादा फायदा १८ टक्क्यांच्या आसपासच. एक कारण चित्रात आहेच: टंचाईमुळे रिसेप्टरबरोबर पीसीएसके-९ ही वाढतं आणि ते रिसेप्टर नष्ट करतं.

मग डोस लक्षात कसे ठेवायचे? तीव्रतेनुसार. उच्च तीव्रता म्हणजे एलडीएल ५० टक्के किंवा अधिक कमी: एटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम, रोझुव्हास्टॅटिन २० ते ४०. मध्यम तीव्रता म्हणजे ३० ते ४९ टक्के: एटोरव्हास्टॅटिन १० ते २०, रोझुव्हास्टॅटिन ५ ते १०, सिम्व्हास्टॅटिन २० ते ४०. सुरुवातीला एवढे पुरेत.

रात्री घ्यायचं की कधीही? शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याचा वेग रात्री जास्त असतो. लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन शरीरात थोडा वेळच टिकतात, म्हणून ती संध्याकाळी देतात. एटोरव्हास्टॅटिनचं अर्धायुष्य सुमारे १४ तास आणि रोझुव्हास्टॅटिनचं सुमारे १९ तास, त्यामुळे ती दिवसात कधीही चालतात.

आता चयापचय. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात एटोरव्हास्टॅटिन सीवायपी-३ए४ या औषधं मोडणाऱ्या एन्झाइममधून जातात. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल आणि ग्रेपफ्रूटचा रस हा मार्ग अडवतात, रक्तातलं स्टॅटिन वाढतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. फ्लुव्हास्टॅटिन सीवायपी-२सी९ चं. प्रॅव्हास्टॅटिनचा सीवायपीशी फारसा संबंध येत नाही, रोझुव्हास्टॅटिनचा थोडाच येतो. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं मात्र जवळपास सगळ्याच स्टॅटिनशी जमत नाही, कारण ते यकृतात औषध आत घेणारा ओएटीपी-१बी१ हा वाहकही अडवतो.

स्नायूंबद्दल बोलताना तीन शब्द वेगळे ठेवा. मायाल्जिया म्हणजे दुखणं, क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) बहुधा नॉर्मल. मायोपॅथीत अशक्तपणा आणि क्रिएटिन कायनेज वाढलेलं. रॅब्डोमायोलिसिसमध्ये स्नायूपेशी फुटून मूत्रपिंड धोक्यात येतं, आणि ते फार क्वचित होतं. सेरिव्हास्टॅटिन याच कारणाने २००१ साली बाजारातून काढून घेतलं गेलं. अशी इजा झालेल्या बऱ्याच रुग्णांनी ते जेमफायब्रोझिल या फायब्रेटसोबत घेतलेलं होतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दुखण्याची प्रत्येक तक्रार औषधामुळेच असते असंही नाही. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या रुग्णांना आलटून पालटून स्टॅटिन आणि प्लासिबो (औषध नसलेली तशीच गोळी) देऊन एक अभ्यास झाला. प्लासिबोच्या महिन्यांतला त्रास स्टॅटिनच्या महिन्यांतल्या त्रासाच्या सुमारे ९० टक्के भरला. म्हणून रुग्णाशी आदराने बोला. त्याला दुखतंय हे खरंच आहे. गोळी बंद करण्याआधी कारण शोधायला हवं.

यकृताची एन्झाइम वाढणं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये मधुमेह थोडा लवकर दिसणं, सक्रिय यकृतविकारात न देणं, गर्भधारणेत सामान्यतः बंद करणं, हे तुमच्या पुस्तकात सापडेल. तिथूनच वाचा.

चौथी पायरी: टंचाई निर्माण करणारी इतर औषधं

दुसऱ्या संध्याकाळी कागद समोर ठेवून प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारा: पेशीतलं कोलेस्टेरॉल याने कमी झालं का, आणि कुठल्या वाटेने?

कोलेस्टिरामिन, कोलेस्टिपॉल आणि कोलेसेव्हेलाम ही रेझिन. ती आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतात आणि विष्ठेवाटे बाहेर नेतात. परत येणारी पित्ताम्लं घटली की यकृत नवी बनवतं, त्यासाठी स्वतःचं कोलेस्टेरॉल खर्च करतं, टंचाई होते, रिसेप्टर वाढतात. माझ्या व्हायवातल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. त्याच टंचाईने रिडक्टेजही वाढतं, म्हणून सोबत स्टॅटिन दिलं तर दोघांचा मेळ छान बसतो. ट्रायग्लिसराइड मात्र रेझिनने वाढू शकतात, त्यामुळे ती आधीच जास्त असतील तर ही औषधं नकोत. रेझिन शोषली जात नाहीत म्हणून शरीरभर त्रास नाही, जे होतं ते पोटात: बद्धकोष्ठता, फुगारा. ती पित्ताम्लांबरोबर वॉरफरिन, डिगॉक्सिन आणि थायरॉक्सिनही धरून ठेवतात. अशी औषधं रेझिनच्या एक तास आधी किंवा चार तास नंतर द्यायची.

इझेटिमाइब लहान आतड्याच्या पेशीवरच्या एनपीसी१एल१ या वाहकाला अडवतं. आतड्यातून येणारं कोलेस्टेरॉल घटतं, यकृतात टंचाई, पुढची साखळी तीच. एकटं दिलं तर एलडीएल साधारण १८ ते २० टक्के उतरतं. त्याचं ग्लुकुरोनाइड, म्हणजे शरीरात बदललेलं रूप, पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, म्हणजे जिथे काम आहे तिथेच ते परत परत पोहोचतं. १८१४४ रुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिनला इझेटिमाइबची जोड दिल्यावर हृदयविकाराच्या घटना आणखी घटल्या. ते निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. स्टॅटिनव्यतिरिक्त मार्गाने एलडीएल उतरवलं तरी फायदा होतो, हे त्यातून कळलं.

बेम्पेडॉइक आम्ल मला शिकवायला फार आवडतं. ते स्टॅटिनच्याच रस्त्यावर, पण दोन पायऱ्या आधी, एटीपी सायट्रेट लायेज या एन्झाइमला अडवतं. ते प्रोड्रग आहे, म्हणजे शरीरात गेल्यावरच चालू होतं, आणि त्याला चालू करणारं एन्झाइम यकृतात असतं, सांगाड्याच्या स्नायूंत नसतं. त्यामुळे स्नायूंचा त्रास होणाऱ्यांसाठी ते वेगळं ठरतं. औषध कुठे जागं होतं यावर त्याचा दुष्परिणाम ठरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. यात युरिक आम्ल वाढतं, गाऊट होऊ शकतो, आणि स्नायुबंध (टेंडन) तुटण्याच्या थोड्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

पाचवी पायरी: दार टिकवणारी औषधं

एलडीएल रिसेप्टर एलडीएल घेऊन आत जातो, माल सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. त्याच्या आयुष्यात अशा शंभराहून अधिक फेऱ्या होतात. पीसीएसके-९ त्याला चिकटलं तर तो परत येत नाही, लायसोझोम या पेशीतल्या विघटनाच्या पिशवीत नष्ट होतो. २००३ साली काही कुटुंबांमध्ये या जनुकाच्या अतिक्रियाशील बदलामुळे एलडीएल खूप वाढलेलं आढळलं. नंतर उलट प्रकारची माणसंही सापडली: ज्यांच्यात हे जनुक निकामी होतं, त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी आणि हृदयविकारही कमी. औषधासाठी याहून चांगली खूण मिळणं कठीण.

इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब ही प्रतिपिंडं पेशीबाहेरचं पीसीएसके-९ पकडतात. ती त्वचेखाली देतात, दर दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने. एलडीएल साधारण ६० टक्के उतरतं. इन्क्लिसिरान वेगळं आहे. ते लहान आरएनए आहे, यकृतपेशीत शिरून पीसीएसके-९ बनूच देत नाही. पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी. नावाची शेपटी पाहा: 'मॅब' म्हणजे प्रतिपिंड, 'सिरान' म्हणजे आरएनए. स्टॅटिनने पीसीएसके-९ वाढतं, हे तिसऱ्या पायरीत लिहिलं होतं. या औषधांची स्टॅटिनशी जोडी का जमते, ते आता कागदावरच दिसेल.

सहावी पायरी: कागदाची उजवी बाजू

ट्रायग्लिसराइडची औषधं याच नकाशात, पण लायपोप्रोटीन लायपेजच्या जागी बसतात. फेनोफायब्रेट आणि जेमफायब्रोझिल ही फायब्रेट पीपीएआर-अल्फा या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला चालना देतात. लायपेज वाढतं, अपोसी-३ घटतं, ट्रायग्लिसराइडचा माल पटापट उतरतो. पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्टॅटिनसोबत द्यायचंच असेल तर फेनोफायब्रेट बरं, कारण जेमफायब्रोझिल स्टॅटिनचा ओएटीपी वाहक आणि ग्लुकुरोनिडेशन (स्टॅटिन शरीराबाहेर टाकण्याची एक प्रक्रिया) दोन्ही अडवतं. ओमेगा-३ पैकी आयकोसापेंट इथिल दिवसाला ४ ग्रॅम देतात, आणि त्यात एट्रियल फिब्रिलेशनवर (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर) लक्ष ठेवावं लागतं. नायसिनचं फ्लशिंग, म्हणजे चेहरा लाल आणि गरम होणं, प्रोस्टाग्लॅंडिनमुळे होतं आणि आधी अ‍ॅस्पिरिन दिल्यास घटतं, एवढं परीक्षेपुरतं लक्षात असू द्या. स्टॅटिनच्या जोडीला देऊन मोठ्या चाचण्यांत फायदा न दिसल्याने त्याचा वापर आता फारच थोडा आहे.

सातवी पायरी: टक्के बेरजेने जोडू नका

ही चूक हुशार विद्यार्थीही करतात. समजा एलडीएल २०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) आहे. उच्च तीव्रतेच्या स्टॅटिनने निम्मं झालं, १००. इझेटिमाइबने उरलेल्याच्या २० टक्के कमी, म्हणजे ८०. पीसीएसके-९ प्रतिपिंडाने त्याच्या ६० टक्के कमी, म्हणजे ३२. ५०, २० आणि ६० यांची बेरीज १३० टक्के होते, आणि त्याला काही अर्थच नाही. पाच वेगवेगळे आकडे घेऊन हे गणित करून पाहा. कुठल्या रुग्णाला कुठलं लक्ष्य, ते मार्गदर्शक तत्त्वांत वेळोवेळी बदलतं, म्हणून ताजी आवृत्तीच वाचा.

प्रयोगशाळेच्या अहवालातलं एलडीएल बऱ्याचदा मोजलेलं नसतं, गणिताने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरायचं नाही.

तिसरी संध्याकाळ: कोरा कागद आणि रुग्ण

जुना कागद कपाटात ठेवा आणि सगळं चित्र न बघता पुन्हा काढा. जिथे हात अडेल तिथेच वाचा, बाकी नको. मग पुढचे रुग्ण सोडवा, आणि प्रत्येक उत्तर देताना चित्रातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवा.

सिम्व्हास्टॅटिनवर असलेल्या रुग्णाला छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन द्यायचं आहे. प्रतिजैविक चालू असेपर्यंत सिम्व्हास्टॅटिन थांबवावं लागेल, किंवा दुसरं प्रतिजैविक निवडावं लागेल.

ट्रायग्लिसराइड ११०० आणि पूर्वी स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेला. इथे पहिली काळजी पुन्हा दाह होऊ न देण्याची. आहार, मद्य आणि साखर यांकडे लक्ष आणि फायब्रेट. रेझिन अजिबात नको.

एलडीएल १९०, थकवा, वजन वाढलेलं, त्वचा कोरडी. स्टॅटिन लिहिण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी मागवा. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की एलडीएल रिसेप्टर घटतात. शिवाय उपचार न झालेल्या हायपोथायरॉइडिझममध्ये स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याची शक्यता जास्त असते.

शेवटचा रुग्ण मी सगळ्यांना देतो. आठ वर्षांचं मूल, कोपरांवर झँथोमा (कोलेस्टेरॉल साठून झालेल्या गाठी), आई आणि वडील दोघांकडून आलेली एलडीएल रिसेप्टरची पूर्ण निकामी जनुकं. आता कागदावरचा तो गोल केलेला रिसेप्टर खोडून टाका आणि वरची औषधं एकेक करून पाहा. स्टॅटिन, इझेटिमाइब, पीसीएसके-९ ची औषधं, सगळ्यांचे बाण जिथे पोहोचायचे तिथे दारच नाही, म्हणून त्यांचा परिणाम फार थोडा. रिसेप्टरची गरज नसलेले मार्ग शोधावे लागतात. लोमिटापाइड यकृतात व्हीएलडीएलची बांधणीच कमी करतं, त्यामुळे यकृतात चरबी साठते. एव्हिनाक्युमॅब एएनजीपीटीएल-३ या प्रथिनाला अडवून वेगळ्या वाटेने एलडीएल उतरवतं. आणि यंत्रातून रक्त फिरवून एलडीएल गाळून काढणारी अफेरेसिस. यातला प्रत्येक उपाय चित्रात कुठे बसतो, ते आता तुम्हीच काढा.